मदत हवी आहे : एबीएस नसलेली गाडी आणि काळ्या मातीचा चिखल

सोलापूर-तुळजापूर परिसरात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी काळी माती परतीच्या किंवा अवकाळी पावसात इतकी निसरडी होते की, जोरात ब्रेक दाबताच पुढची चाके जाम होतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच घसरते. गाडी २०१४ची, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी), एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली आहे. टायर नवे आहेत, हवा योग्य असते आणि वेग ताशी ४० किमीच्या आत असतो, त्यामुळे केवळ ‘हळू चालवा’ हा सल्ला कृपया नको. ब्रेक सोडत-दाबत थांबण्याचा सराव केला आहे, पण कोरड्या मैदानावर. दिवे नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आल्यास ब्रेक पूर्ण सोडून आधी वळावे, की चाके जाम होण्याच्या किंचित आधीपर्यंतच ब्रेक दाबून धरावा, आणि त्याच वेळी खालचा गिअर टाकल्यास पुढच्या चाकांची पकड सुटते का?