सरकारी निधीतून कामं झाली की गावात पैसा खेळतो म्हणतात, खरंच खेळतो का?

शिवारातला_सागर
मंडळी नमस्कार. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, माढ्याच्या बाजूला, नाव मुद्दाम टाकत नाही. मागच्या दोन वर्षांत गावात कामांचा नुसता धडाका लागलाय. वेशीला कमान झाली, देवळापुढं पेव्हर ब्लॉक झाले, चौकात हायमास्ट बसला, सभामंडपाचं काम चालू आहे. काही पैसा पंधराव्या वित्त आयोगाचा, काही २५१५ चा, म्हणजे राज्याच्या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षाचा, आमदारांकडून आलेला. आता मागच्या ग्रामसभेत मी विषय काढला की कमान बास झाली, आमच्या वस्तीकडचा पाणंद रस्ता करा, दीड-दोन किलोमीटर आहे, पावसाळ्यात बैलगाडी सुद्धा जात नाही, ऊस तोडायला टोळी आली की पहिला प्रश्न "गाडी फडात लागती का", नाही म्हटलं की टोळी सरळ पुढच्या शेताला, आणि नंतर आली तर एंट्री म्हणून वरचे पैसे वेगळे द्या आणि ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर आपणच लावा.
तर सरपंच म्हणाले, काम कुठलं का असंना, सरकारचा पैसा गावात येतो ना, लोकांच्या हाताला काम मिळतं, दुकानं चालतात, अर्थव्यवस्थेला चालना मिळते. टाळ्या पडल्या. वर एकानं सांगितलं की सरकारनं बांधकामावर एक रुपया खर्च केला की त्याचे अडीच रुपये होतात, टीव्हीवर ऐकलं म्हणे.
मला काय ते अर्थशास्त्र कळत नाही पण कमान झाल्यापासून गावात कुणाचं काय वाढलं ते दिसंना. जाणकारांनी सांगा, हे अडीच रुपये नेमके कुणाच्या खिशात जातात?

खडी_मुरूम
मी छोटी कामं घेतो, त्यामुळं हे जवळून बघतोय. पेव्हर ब्लॉकचं दहा लाखाचं काम धरा. आधी आम्हीच एकमेकांच्या पायावर पाय देऊन टेंडर इस्टिमेटच्या पंधरा-वीस टक्के खाली (बिलो) भरतो, नाहीतर काम मिळत नाही. मग बिलातून अनामत, टीडीएस, कामगार कल्याणचा एक टक्का उपकर, रॉयल्टी हे सगळं कापून हातात येतं. जीएसटी तर २०२२ पासून सरकारी कामाला १२ चा १८ झाला. बाकी कुणाकुणाला काय द्यावं लागतं ते इथं लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.
आता उरलेल्यात निम्म्याच्या वर माल. ब्लॉक तालुक्याच्या कारखान्यातनं, सिमेंट डीलरकडनं, कच खडी क्रशरवरनं. बसवणारी पोरं बाहेरच्या राज्यातली, कारण गावातलं पोरगं उकिडवं बसून दिवसभर ब्लॉक बसवत नाही, खोटं कशाला बोलू. गावाच्या वाट्याला काय तर मुरमाचा एखादा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, चार बाया-माणसं आठ दिवस आणि चहाच्या हॉटेलची उधारी. ती उधारी सुद्धा मी बिल निघाल्यावर देतो.
आणि बिल! ते कोण बोलतच नाही. २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदार थकीत बिलासाठी रस्त्यावर आले, संघटनांचा दावा ८९ हजार कोटींचा होता. मोठ्यांचं जाऊद्या, माझ्यासारख्यानं सोनं गहाण टाकून काम उरकायचं, एमबी (कामाचं मोजमाप पुस्तक) रेकॉर्ड झाली, बिल गेलं, की वरून उत्तर "निधी उपलब्ध नाही, आला की बघू". जलजीवनवाल्यांचे तर हाल कुत्रं खाईना. मग मी दुकानदाराचे थांबवतो, दुकानदार डीलरचे थांबवतो. कसली चालना घेऊन बसलाय राव, ही उलटी साखळी आहे.

अर्थाअर्थी
तो अडीचचा आकडा हवेतला नाहीये. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसीच्या अभ्यासकांनी काढलेला गुणक आहे, भांडवली खर्चाला, म्हणजे बांधकामासारख्या टिकाऊ कामांना, २.४५ आणि थेट वाटलेल्या पैशाला ०.९८. अर्थमंत्रालय बजेटच्या वेळी तोच सांगतं आणि त्याच जोरावर केंद्राने भांडवली खर्च ११ लाख कोटींच्या वर नेला, राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज द्यायला लागले, २०२०-२१ ला १२ हजार कोटींपासून सुरुवात झाली ते २०२४-२५ ला दीड लाख कोटी.
पण हा हिशोब अख्ख्या देशाचा आहे. सिमेंट कर्नाटकातून आलं आणि मजूर झारखंडचा असला तरी देशाच्या दृष्टीने पैसा घरातच राहिला. गावाच्या दृष्टीने तो वेशीवरून परत गेला. म्हणजे तुमचे सरपंच दिल्लीचा आकडा ग्रामपंचायतीच्या पाटीवर लिहितायत.
दुसरं म्हणजे बांधकाम चालू असतानाचा पैसा हा एकदाच येतो. खरी कमाई बांधलेल्या गोष्टीमुळे पुढे दरवर्षी काय वाचतं किंवा वाढतं त्यात असते. महाराष्ट्राइतका याचा अनुभव दुसऱ्या कुठल्या राज्याला नसेल. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, पुढे १९७७ ला कायदा झाला, आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, आजही पगारातून कापला जातो तो हाच. त्या वेळी मजुरी थेट मजुराच्या हातात पडायची आणि आठवडी बाजारात खर्च व्हायची, म्हणजे पैसा गावाबाहेर कमी जायचा. पण जिथे नुसती खडी फोडून ढीग लावले तिथे दुष्काळ सरल्यावर ढीगच राहिले, आणि जिथे पाझर तलाव, नालाबांध नीट झाले तिथे विहिरींना पाणी वाढलं. मजुरी दोन्हीकडे सारखीच वाटली होती.

टोमणेसम्राट
कमानीचा फायदा नाही कसा? कमानीवर सगळ्यांचे फोटो लागतात, फ्लेक्सवाल्याला बारमाही धंदा. एवढी स्थानिक रोजगारनिर्मिती अजून कुठल्या योजनेत आहे दाखवा.

ग्रामसेवक_निवृत्त
सागर, थोडं नियमाचं सांगतो म्हणजे सरपंचाशी भांडताना उपयोग होईल. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) पैसा दोन भागात येतो. ६० टक्के बंधित, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला, त्याला हात लावता येत नाही. ४० टक्के अबंधित, त्यातून रस्ता बिस्ता काय ते घ्या. आपल्याकडे एकूणातला ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० झेडपीला. म्हणजे तुमच्या गावाच्या हातात खरोखर मोकळा पैसा किती उरतो ते बघा, दोन किलोमीटर रस्ता त्यात बसत नाही.
२५१५ चं तर वेगळंच. ते लोकप्रतिनिधींनी सुचवलेलं काम असतं, मंजूर होऊन येतानाच "अमुक ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसवणे" असं नाव घेऊन येतं. ग्रामसभेनं कितीही ठराव केले तरी ते नाव बदलत नाही, बदलायचं तर पुन्हा मंत्रालयापर्यंत वारी. म्हणून भांडण ग्रामसभेत करून भागत नाही, यादी जाते त्याच्या आधी गाठायला लागतं.
पाणंद रस्त्याला २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, ती रोजगार हमीतून. तिथं अडचण यायची कुशल-अकुशलची. मजुरी ६० आणि सामान ४० टक्के हे प्रमाण राखायचं असायचं, रस्त्यात खडी आणि मशीनच जास्त, मग अकुशल भरून काढायला गावात वृक्षलागवड, शोषखड्डे, विहिरी अशी कामं जोडीला घ्यावी लागायची. ते जुळवणारा रोजगारसेवक हुशार असला तर जमायचं. आणि ३१२ रुपये रोजावर (२०२५-२६ चा दर) मजूर आणायचा कुठून हा पण प्रश्न होताच, द्राक्षाच्या बागेत जास्त मिळतात.
गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. बघा एकदा, गंमत वाटेल.

क्लीव्हलँडचा_काका
इकडे अमेरिकेत २००९ ला हेच झालं होतं, ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं, त्यात टॅक्स कपात होती, राज्यांना शिक्षकांच्या पगारासाठी मदत होती आणि रस्ते-पूल पण होते. शब्द होता "शॉव्हेल रेडी", म्हणजे मंजुरी मिळाली की उद्या फावडं मारायचं अशी तयार कामं. पुढे खुद्द ओबामाच बोलून गेले की अशी तयार कामं नसतातच. माझ्या भागात काय झालं तर आहे त्याच रस्त्यांवर नवीन डांबर पडलं, ठिकठिकाणी पॅकेजचे बोर्ड लागले. नवीन काही उभं राहायला वर्षं जातात, जमीन, परवानग्या, डिझाईन. मंदीत घाई असते, मग ज्याचे कागद तयार ते काम पुढे. फ्लेक्सची हौस इकडे पण होती हे टोमणेसम्राटांच्या माहितीसाठी.

खडी_मुरूम
काका एकदम बरोबर बोलले, आमच्याकडं पेव्हर ब्लॉकच का जिंकतो त्याचं कारण हेच. जागा गावठाणातली, कुणाची हरकत नाही, जेईकडं (कनिष्ठ अभियंत्याकडं) इस्टिमेट तयार असतं, गावाचं नाव आणि लांबी-रुंदी बदलली की झालं, आणि फेब्रुवारीत वर्क ऑर्डर निघाली तरी मार्च एंडच्या आत बिल टाकता येतं. पाणंद रस्ता घेतला तर पहिल्याच दिवशी कुणीतरी जेसीबीपुढं आडवा झोपतो. कोण गुत्तेदार घेणार ते?

रानवाट
एक वेगळं बोलते. पेव्हर ब्लॉकला सरसकट नावं ठेवू नका. आमच्या जालन्याकडच्या गावात वस्तीत आत जायला वाट म्हणजे गटार आणि चिखल एकच होतं, बाळंतीण बाईला खाटेवर टाकून डांबरीपर्यंत आणलेलं मी बघितलंय. तिथे ब्लॉक पडले, बाजूने नाली झाली, रिक्षा दारापर्यंत जाते. त्याचा गुणक कुणी काढणार नाही पण फरक पडला. देवळापुढे आहे त्याच फरशीवर ब्लॉक टाकणं आणि हे यात फरक आहे ना.
बाकी उत्पन्नच बघायचं असेल तर आमच्याकडचं कडवंची बघून या. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथे पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती, चर, माथा ते पायथा. नंतर शेततळी आली आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचं झालं. उलट जलयुक्त शिवारला साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि कॅगनं २०२० च्या अहवालात लिहिलं की भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसत नाही. म्हणजे पाण्याचं काम आहे म्हणून ते आपोआप चांगलं असंही नाही, कडवंचीत लोक वर्षानुवर्षं मागे लागले होते, आणि इकडे बऱ्याच ठिकाणी पोकलेन येऊन नाला खरवडून गेला.

शिवारातला_सागर
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. पोर्टल उघडून बघितलं, वर्षाच्या आराखड्यात पाणंद रस्ता आहेच नाही, कुणी घातलाच नव्हता. आता मुद्द्याचं. काकांच्या भाषेत आमचा रस्ता "तयार" करायचा तर काय काय लागेल? नकाशावर रस्ता आहे पण दोन्हीकडून नांगरून नांगरून आता जेमतेम एक गाडी जाती. अडवणारे तीनच जण आहेत, त्यातला एक भावकीतलाच.

ग्रामसेवक_निवृत्त
नकाशावर आहे ना, मग अर्धं काम झालं. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढा, मोजणीचा अर्ज टाका, सगळ्या खातेदारांच्या सह्यांनिशी. आधी गोडीगुलाबीनं, तलाठ्याला आणि चार जाणत्या माणसांना घेऊन जागेवर बसा, संमतीपत्र लिहून घ्या. नाहीच ऐकलं तर तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज, ते आहे तो रस्ता मोकळा करून देतात. कलम १४३ चा अर्ज करू नका, ते बांधावरून नवीन रस्ता मागायला असतं, लोक तिथंच चुकतात आणि वर्ष वाया जातं. रस्ता मोकळा झाला की सातबाऱ्याला इतर हक्कात नोंद घ्या, नाहीतर पुढच्या नांगरटीला परत येरे माझ्या मागल्या.
आणि ग्रामसभेत नुसतं बोलू नका, ठराव प्रोसिडिंगला लिहिला का ते तिथंच वाचून घ्या. आराखड्यात नाव नसेल तर वित्त आयोगातनं निधी आला काय न आला काय सारखंच.
भावकीतल्याला शेवटी भेटा. बाकीच्या दोघांच्या सह्या झाल्या की तो येतोच.

रानवाट
आणि हे करताना सरपंचांना बाजूला ठेवू नका. मोजणीच्या दिवशी त्यांनाच पुढे उभं करा, नारळ त्यांच्याच हाताने फोडा. श्रेय घेऊ द्या, रस्ता तुमचा होतोय ना.

टोमणेसम्राट
रस्त्याच्या तोंडाला छोटी कमान चालेल का विचारा, लगेच मंजूर होईल.

खडी_मुरूम
हसू नका, चालती ती आयडिया. सागरभाऊ, एक माझ्याकडनं. काम सुरू झालं की दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. साईडच्या चाऱ्या आधी काढायला लावा, बहुतेक वेळा त्या बिलात असतात आणि जमिनीवर नसतात, आणि चारी नसली की काळ्या रानातला रस्ता पहिल्याच पावसात बसतो. दुसरं, खडी-मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून रोलर फिरला पाहिजे. एकदम ढीग ओतून जेसीबीच्या बकेटनं सारखा केला तर उसाच्या दोन ट्रेलरनी गेला समजा. रोलरचं भाडं वाचवायला बघतात, मला माहितीये ना. प्रत्येक थराचा फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि एमबी लिहायच्या आधी जेईला दाखवा, नंतर दाखवून उपयोग नाही.