प्रतिसाद: तिच्या साड्यांची वाकळ

ताई, सव्विसाव्या वर्षी गेलेल्या बहिणीच्या साड्यांची वाकळ शिवायची म्हणता, जरूर शिवा. फक्त कात्री लावण्याआधी तिची एक साडी बाजूला काढा, तीही न धुता. माणसाचा वास एका धुण्यात जातो. सुती पंच्यात गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या नकोत.

साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की साधारण 7 फूट रुंद, 9 फूट लांब थर होतो. तीन थर पुरेत, थर वाढले की सुई जड जाते.

आपल्याकडे इरकली साडी असणारच. त्या साडीचं अंग सहसा सुती, पदर रेशमी. धुतल्यावर सूत आटतं, रेशीम तितकं नाही, आणि सगळीकडे चुण्या पडतात. म्हणून पदर कापून वेगळा घ्या, सुती तुकडे आधी धुऊन आटवा, मगच पदर मधोमध वर टाका. पदरावर हळदीचा डाग असेल तर घासू नका, तो तिच्या हातचा आहे.

थरांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला; ते टाळले की मध्ये फुगा येतो. मग कडेकडून आत धावदोरा, ओळींत बोटभर अंतर.

सोलापूरच्या उन्हात रंग लवकर विटतात, वाकळ सावलीत उलटी वाळवा.