प्रतिसाद: ब्राऊन एलसाठी चॉकलेट माल्ट किती?

वीस लिटर ब्राऊन एलसाठी (तपकिरी, माल्टच्या चवीची बिअर) चॉकलेट माल्ट (मोड आणून वाळवलेले, मग गडद भाजलेले जवाचे दाणे; यात चॉकलेट नसतं) ५०० ग्रॅम घ्यायचं म्हणताय, ते फार होतंय. एवढ्या प्रमाणात बिअर पोर्टरकडे (आणखी गडद, भाजक्या चवीची बिअर) झुकते आणि जिभेवर जळक्या कॉफीसारखा कोरडा कडवटपणा रेंगाळतो. १५० ते २०० ग्रॅम पुरे.

माझ्या मते साचा असा धरा: मॅरिस ऑटर (मुख्य, फिकट माल्ट) ४ किलो, मध्यम क्रिस्टल (कॅरॅमलसारखं गोडसर माल्ट; रंग ६० लोव्हिबाँडच्या आसपास, हे माल्टचा रंग मोजायचं एकक) ३०० ग्रॅम, ब्राऊन माल्ट २०० ग्रॅम, चॉकलेट १५० ग्रॅम. सुरुवातीची घनता (आंबवण्याआधीच्या गोड रसाची, पाणी १.००० धरून) साधारण १.०४८ ते १.०५० येईल. ब्राऊन माल्ट वगळू नका. भाजलेल्या पावाच्या कडेची जी चव या बिअरमध्ये हवी असते, ती त्यातूनच येते. भरडण्याआधी ब्राऊन आणि चॉकलेट दोन्हींचे चार दाणे चावून बघा, फरक लगेच कळेल.

मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७ अंश सेल्सियसवर एक तास. पाणी मृदू असेल तर भाजलेल्या माल्टमुळे मॅशचा पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आंबट) ५.२ च्या खाली घसरू शकतो. अशा वेळी चॉकलेट माल्ट शेवटच्या पंधरा मिनिटांतच घाला; रंग पूर्ण उतरतो, तुरटपणा कमी येतो.

हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कॅस्केड हा वाण वाईट नाही, पण उकळण्याच्या शेवटी ४० ग्रॅम टाकलंत तर ग्रेपफ्रूटसारखा वास माल्टवर चढून बसेल. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे हॉप्स (५ टक्के अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल) ३५ ग्रॅम साठ मिनिटं उकळा, साधारण २० आयबीयू (कडवटपणाचं एकक) मिळतील. फगल हा दुसरा वाण १५ ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांना. कॅस्केडच हवं असेल तर तेही १५ ग्रॅमच, फगलच्या जागी.