रेडिमेड पॅड वि. मापाचा इनसोल
काही जण म्हणतात की मापाचे इनसोल (पायाचं माप घेऊन बनवलेले, बुटाच्या आत घालायचे तळ) म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा, सिलिकॉनचं रेडिमेड पॅड टाकलं की झालं. साध्या टाचदुखीपुरतं पटतं, त्यात रेडिमेडवर बऱ्याच जणांचं भागतं. पण जुना डायबिटीस असेल तर बऱ्याचदा पायाची संवेदना कमी होते आणि दुखलेलं कळतच नाही, हाच लोचा आहे. आईला घेऊन गेलो तेव्हा ऑर्थोटिस्टने (असे इनसोल आणि आधार बनवून देणारा तज्ज्ञ) पायाला हात लावायच्या आधी तिची जुनी चप्पल उलटी करून बघितली, अंगठ्याखाली एका बाजूने पार झिजलेली. मग नायलॉनचा एक बारीक धागा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा, तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवत "लागतंय का" विचारत गेला आणि आई डोळे मिटून गप्प, तिला वाटलं अजून सुरूच नाही केलं! नेमका तिथेच घट्टा पडलेला. म्हणून मापाचा इनसोल आणि पुढून वर वळलेला रॉकर सोल दिला, त्याने चालताना चवड्यावरचा भार कमी होतो.

आणि हो, बुटातला मूळचा इनसोल काढूनच नवा घाला, नाहीतर बूट आतून उथळ होतो आणि बोटं वरून घासतात. सुरुवातीला रोज तासभरच, मग हळूहळू वाढवायचं. आम्ही शहाणपणा करून पहिल्याच दिवशी दिवसभर घालायला लावला, संध्याकाळी करंगळीच्या कडेला हा एवढा लाल चट्टा. तेव्हापासून रोज रात्री पाय मीच तपासतो.