मदत हवी आहे: ३०१८ सीएनसीवर पूल क्यूचं जडावकाम

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. घरच्या ३०१८ सीएनसीवर (संगणकाच्या हुकमावर कोरणारं छोटं यंत्र) शिसवी क्यूच्या, म्हणजे पूल खेळायच्या काठीच्या, बटमध्ये (जाड, हातात धरायच्या टोकात) शिंपल्याचे शंकरपाळ्यासारखे तुकडे बसवतोय (नक्षी अर्थातच आपल्या चादरीवरची!). १ मिमीच्या बिटने (कोरायच्या पात्याने) खाचेचे कोपरे अर्धा मिमी त्रिज्येने गोल होतात, म्हणून तुकड्यांचेही तेवढेच गोल केले. तरी एका बाजूला केसभर फट राहतेच. इपॉक्सी (चिकटवायचा राळ-गोंद) भरली की रेघ उठून दिसते. फट नेहमी यंत्राच्या एक्स अक्षाच्याच दिशेला, म्हणजे लीड स्क्रूचा (अक्ष सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याचा) बॅकलॅश, दिशा बदलताना येणारी ढिलाई? की कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) बिट डगमगतं? डायल गेज (असली बारीक हालचाल मोजायचं साधन) नाही माझ्याकडे. त्यात बट गोल, खाच मधे खोल नि कडेला उथळ. व्ही-ब्लॉकमध्ये (V आकाराच्या खोबणीच्या ठोकळ्यात) धरलाय, पण फ्रेमबाहेर हातभर लोंबतो. आधी काय तपासू? सोलापुरात कुणी रोटरी अक्ष (गोल वस्तू फिरवत कोरायची जोडणी) जोडलाय का? बघायला येतो, शेंगाचटणी घेऊन.