मदत हवी आहे: नाण्यांची आणि टेकडीवरच्या दगडांची घनता दर वेळी वेगळी का येते?

कर्वेनगरकरीण

मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने घनता हा विषय घेतलाय. आधी ओळखीच्या धातूवर हात बसवायचा आणि मग वेताळ टेकडीवर सुटे पडलेले काळे दगड एकमेकांपेक्षा हलके-जड का लागतात ते आकड्यांत दाखवायचं. कल्पना तिचीच, त्यामुळे उत्साह उतू चाललाय. पण घोडं पहिल्याच भागात अडलंय.

पाच रुपयांची जुनी पिवळी नाणी घेतली, दहा. घरच्या काट्यावर (पिठासाखरेचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा) ६० भरतात, कधी ५९. मोजपात्र १०० मिलीचं आहे, दर मिलीला एक रेघ. ५० पर्यंत पाणी भरून नाणी सोडली की पातळी कधी ५७, कधी ५८, कधी रेघांच्या मधेच. म्हणजे घनता ७.५ पासून ९.२ पर्यंत काहीही. लोखंड ७.९, तांबं ८.९६. या हिशोबाने नाणं कशाचंही निघू शकतं.

पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून, पाण्याचं खालचं वळणच वाचतोय. नाणी सोडताना पाणी उडत नाही. नवऱ्याचं म्हणणं, काटा भंगार आहे, ०.०१ ग्रॅमवाला घ्या. घ्यावा का? पुण्यात कुठे मिळेल? ऑनलाइन मागवला तर वेळेत येईलच असं नाही.

ताणकाटा

सोन्या मारुती चौकाच्या आसपास सराफांचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, नाहीतर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये. २०० ग्रॅमपर्यंतचा खिशात मावणारा काटा पुरेल. हौस असेल तर तिथेच लोड सेल (भार पडला की विजेचा संकेत देणारा काट्याचा भाग) घेऊन काटा घरी बनवता येतो, पण प्रदर्शन तोंडावर असताना हा उद्योग नको.

जुना लॅबवाला

ताई, काटा घ्या, पण वस्तुमानासाठी नको. वस्तुमान तुमचं ठीकच आहे. ६० मध्ये एखाद्या ग्रॅमचा फरक म्हणजे पावणेदोन टक्के. दुखणं मोजपात्रात आहे. दहा नाण्यांचं आकारमान जेमतेम ७ मिली आणि रेघ एक मिलीची. अर्धी रेघ इकडेतिकडे झाली की सात टक्के गेले, पूर्ण रेघ चुकली की चौदा. शाळेत सगळे वस्तुमानामागे लागतात आणि आकारमानाकडे कोणी बघत नाही.

म्हणून आकारमानही काट्यालाच मोजायला लावा. हलका प्लास्टिकचा ग्लास, त्यात शंभरेक मिली पाणी, ग्लास काट्याच्या मधोमध. दोन बाजूंना स्टीलचे उंच डबे, त्यांच्यावर आडवी पट्टी, पट्टीला शिवणाच्या दोऱ्याने लहानशी जाळी टांगा. जाळी पूर्ण पाण्यात हवी, तळाला किंवा कडेला टेकायला नको. रिकामी जाळी बुडालेली असतानाच टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा. मग चिमट्याने नाणी जाळीत सोडा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके मिली नाण्यांचं आकारमान.

कारण आर्किमिडीजच. पाणी नाण्यांना वर ढकलतं, तेवढ्याच बलाने नाणी पाण्याला खाली ढकलतात आणि ते काट्याला कळतं. नाण्यांचं उरलेलं वजन दोरा पेलतो. जाळी तळाला टेकली तर तो भारही काट्यावर येतो आणि आकडा भलताच वाढतो. मुलीला एकदा मुद्दाम टेकवून बघू दे, लक्षात राहील.

आणखी काही. टेअर केल्याने काट्याची क्षमता वाढत नाही, ग्लास-पाणी धरून २०० च्या आत राहा. पंखा बंद. कडप्प्याचा ओटा सपाट असतो, तिथेच मांडा. नाण्यांना बुडबुडे चिकटतात, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. स्वस्त काटे हळूहळू होणारा बदल शून्य समजून गिळून टाकतात, तेव्हा टेअरनंतर रेंगाळू नका.

शंकासुर

काटा वस्तुमान मोजतच नाही, वजन मोजतो. आठवीच्या पोरांना आधी हे शिकवा, मग घनता.

जुना लॅबवाला

बरोबर, पण इथे त्याने अडत नाही. पुण्यात g (गुरुत्वत्वरण) साधारण ९.७८, प्रमाण मूल्य ९.८०६६५. प्रमाण मूल्याला जुळवलेला काटा इथे १०० ग्रॅमला पाव ग्रॅमच्या आत कमी दाखवेल. पण आपण काट्याच्या एका आकड्याला त्याच काट्याच्या दुसऱ्या आकड्याने भागतोय, त्यामुळे g उडून जातो. दोन पारड्यांची तागडी असती तर हा प्रश्नच नव्हता, ताणकाट्याला मात्र आहे (आयडीवाल्याने राग मानू नये). काटा तपासायला नव्या मालिकेतलं दहाचं न झिजलेलं नाणं वापरा, ७.७४ ग्रॅमचं असतं.

कर्वेनगरकरीण

जमलं! काटा बुधवारातच मिळाला. दहा नाणी ५९.७ ग्रॅम, पाण्यात ६.९३. घनता ८.६१४७. परत केलं तरी फरक दुसऱ्या दशांशात. पितळेची साधारण ८.४ ते ८.७ असते ना? ही नाणी निकेल-ब्रासची आहेत असं वाचलं.

आता दगड. ते मोठे आहेत म्हणून घरच्या काट्यावर, पातेल्यात केले. एक घट्ट, गुळगुळीत: कोरडा ४१२, पाण्यात १५१, घनता २.७३. दुसरा भोकाभोकांचा, २६८ ग्रॅम. त्याने घोळ घातलाय. पाण्यात सोडल्यावर १२१ दाखवलं, मग १२०, ११९ असं उतरत ११७ वर आलं. बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. कुठला आकडा धरायचा?

जुना लॅबवाला

मोठ्या दगडाला घरचा काटा पुरतो, १५१ मध्ये एक ग्रॅम म्हणजे एक टक्कासुद्धा नाही.

दुसऱ्या दगडाने घोळ घातलेला नाही, प्रदर्शनाचा खरा मालमसाला त्यानेच दिलाय. सुरुवातीचे १२१ म्हणजे छिद्रांतल्या हवेसकट दगडाचं बाहेरचं आकारमान. पाणी आत शिरत गेलं तसा दोऱ्यावरचा भार वाढला आणि काट्यावरचा तेवढाच कमी झाला. ते चार ग्रॅम म्हणजे आत गेलेलं पाणी.

नीट करायचं तर दगड आधी कडक उन्हात वाळवून कोरडं वस्तुमान घ्या. मग रात्रभर पाण्यात ठेवा, बाहेरून ओल्या फडक्याने टिपा, पुन्हा वजन करा आणि लगेच टांगून बुडवा. आता आकडा उतरणार नाही. कोरड्या वस्तुमानाला या आकड्याने भागलं की छिद्रांसकट घनता. ओल्या-कोरड्यातला फरक म्हणजे पाणी शिरू शकलेल्या छिद्रांचं आकारमान. काही छिद्रं चारी बाजूंनी बंद असतात, त्यांत पाणी जात नाही, एवढं तिने वहीत लिहावं.

ताणकाटा

छिद्रं का, हेही लिहा. आपला काळा दगड बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे फुगे आत अडकले. प्रवाहाच्या वरच्या भागात ते जास्त असतात, मधला भाग घट्ट. काही भोकांत नंतर पांढरी खनिजं भरली, त्यांत झिओलाइट पुष्कळदा सापडतं. ते बेसॉल्टपेक्षा हलकं असतं, साधारण २.१ ते २.३. असा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड मिळाला तर तिसरा नमुना म्हणून घ्या.

शंकासुर

२६ अंशांच्या पाण्याची घनता १ नसते, ०.९९७ असते.

जुना लॅबवाला

मान्य, पण तो फरक ०.३ टक्के, घरच्या काट्याने दिसणारच नाही. त्यापेक्षा तक्त्यावर ८.६१४७ लिहू नका, ८.६ लिहा. दगडांचं २.७ आणि २.२. परीक्षक हमखास विचारतात की चौथा दशांश कुठून आणलास. तिला ७ मिलीचं आणि एका रेघेचं गणित पाठ असू दे, आणि मोजपात्राचे जुने, उड्या मारणारे आकडेही तक्त्यात शेजारीच लावा.

कर्वेनगरकरीण

दगड आज उन्हात टाकलेत. ते जुने आकडे लावायला ती तयार नाही, खराब दिसतात म्हणते. बघते समजावून.