१९९१ : नाइलाज की निर्णय?

धागाकर्ता

जुलै महिना आला की आर्थिक उदारीकरण सुरू करणाऱ्या २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाचे स्मरण होते आणि तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव व अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या दूरदृष्टीचे गोडवे गायले जातात. त्या वर्षाची गोष्ट थेट जुलैपासून सांगण्याला माझा आक्षेप आहे. इराकने कुवेत गिळल्यापासून तेलाचे बिल फुगले होते, आखातातून येणारा पैसा आटला होता आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेत होते. अशा वेळी हरियाणाचे दोन पोलीस राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवतात या कारणावरून (कारण एवढेच!) सरकारला बाहेरून पाठिंबा देणारी काँग्रेस बिनसली, ६ मार्चला पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला आणि पूर्ण अर्थसंकल्प राहूनच गेला. मे महिन्यात, काळजीवाहू सरकार असताना, २० टन सोने परदेशी बँकेला विकून डॉलर उभे केले गेले. २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. जूनमध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली. पंतप्रधानांच्या खुर्चीवर कोणीही बसले असते तरी त्याला जुलैमधल्या याच सुधारणा कराव्या लागल्या असत्या.

प्रतिसाद : असहमत

१ आणि ३ जुलैचे रुपयाचे अवमूल्यन नाइलाजाचे होते, आणि जुलैमध्येच सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे तारण गेले, तेही नाइलाजानेच, हे मला मान्य आहे. परंतु २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, जे औद्योगिक धोरण मांडले गेले त्याने १८ उद्योग वगळता परवाना पद्धतच रद्द केली आणि मक्तेदारी कायद्यातील १०० कोटींच्या मालमत्तेची मर्यादा (जिच्यावरच्या उद्योगांना विस्तारासाठी वेगळी परवानगी लागे) काढून टाकली. कारखान्याला दिल्लीचा परवाना लागेनासा झाला म्हणून तिजोरीत दुसऱ्या दिवशी एकही डॉलर येत नसतो. १९८१ मध्येही आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मोठे कर्ज घेतले होते, तरी परवाना राज जागचे हलले नव्हते. परवाने कमी करण्याचा प्रस्ताव १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारपुढेही होता; तो विरोधामुळे बासनात गेला.

धागाकर्ता

१९८१ ची तुलना मला पटत नाही. तेव्हा कर्ज घेतले तरी सोने विकण्याची वेळ आली नव्हती, त्यामुळे अटींचा दाबही तसा नव्हता. प्रस्ताव आधीच तयार होता, हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. जुलैमध्ये नवे काही सुचले नाही, विरोध करणाऱ्यांची तोंडे तेवढी संकटाने बंद झाली.

प्रतिसाद : तिसरी बाजू

तोंडे बंद झाली होती, हे खरे नाही. खतांच्या किमतीत ४० टक्के वाढ सुचवली गेली तेव्हा काँग्रेसच्याच खासदारांनी गदारोळ केला आणि वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. बहुमत नसलेल्या सरकारला एवढी माघार घ्यावी लागली, पण त्याच सरकारने परवान्यांच्या बाबतीत माघार घेतली नाही. उद्योग खाते स्वतः पंतप्रधानांकडे असूनही धोरणाचे निवेदन राज्यमंत्र्यांकरवी सभागृहात मांडले गेले, आणि सगळ्यांचे लक्ष संध्याकाळच्या अर्थसंकल्पाकडे लागले. या क्रमात मला राव यांचे राजकीय कसब दिसते. केवळ नाणेनिधीला दाखवायचे असते, तर एवढी सावधगिरी बाळगण्याचे कारण नव्हते.

धागाकर्ता

खतांचे उदाहरण वजनदार आहे. परवान्यांपुरते माझे विधान मी मागे घेतो. मे महिन्यातल्या सोन्याबद्दल मात्र नाही. निवडणुकीच्या तोंडावर, संसदेचा आधार नसताना, बदनामीची खात्री असलेला तो निर्णय चंद्रशेखर सरकारच्या काळात झाला, आणि तो झाला नसता तर देणी थकून राव यांच्या हाती दिवाळखोर देश आला असता. जुलैच्या गौरवलेखांत त्याला एक ओळही मिळत नाही.